राब भाजायचे दिवस आणि एक जून

मनू, अशी लांब नको बसूस गो. ये, सर जवळ. तू तिकडं कल्याणात मैत्रिणींच्या खोलीवर आणि मी इकडं शेणव्याच्या अलीकडं आपल्या ओट्यावर, हे मला कळतं. तरी म्हणते, जवळ ये. हे फोनवर सांगायचं नाही. तुझा फोन म्हणजे मी 'मग?' म्हणेपर्यंत तिकडून 'मावशी, बॅलन्स संपतोय', आणि पुढं नुसतं टूंटूं. म्हणून कागद घेतला. चौथीतून सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे. आणि वाचताना भजी खात बसू नकोस, तेलाचे डाग पडतात.

आधी रागावून घेते, म्हणजे मन मोकळं होईल. परवा आईला फोनवर काय बोललीस? 'तुमी माझं एक वर्ष फुकट घालवलं. माझ्याबरोबरच्या पोरी वेळेवर शाळेत गेल्या, वेळेवर नोकरीला लागल्या, मी आपली या मेळाव्यातनं त्या मेळाव्यात फायली घेऊन फिरते.' असंच बोललीस ना? मी शेजारीच होते. तुझी आई भाकरी टाकत होती. फोन ठेवला आणि तव्यापुढं नुसती बसून राहिली. भाकरीचा धूर निघाला तेव्हा मीच उचलली. मी म्हटलं, "वच्छे, सांग की तिला." तर म्हणते, "जाऊ दे बाय. दमलीय पोरगी." तुझी आई तशीच. तिला कुणी काही बोललं की आधी बोलणाऱ्याचा थकवा दिसतो. ती काही सांगायची नाही. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही.

आज सकाळी खालच्या पट्टीत राब लावला. तू शहराची झालीस, विसरली असशील, म्हणून सांगते. पावसाआधी रोपांची जागा भाजून घ्यायची, तो राब. खाली शेण, त्यावर दिवाळीनंतर तोडून वाळवलेल्या फांद्यांचे भारे, वर वाळक्या पानांचा पातेरा, गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचं पांघरूण. वारा पडलेला बघून एका कडेनं विस्तव द्यायचा. तो भडकत नाही. मातीखालून हळूहळू सरकतो, आणि धूर असा जमिनीलगत चालतो की पायांत मांजर फिरल्यासारखं वाटतं. आज तो धूर ओट्यावर आला आणि मला एकदम ते वर्ष आठवलं. नव्वदीच्या सुरुवातीचं. होळी झाल्यापासून एक जूनपर्यंतचं.

तू तेव्हा पाचाची होत होतीस. दिवसभर उघड्या पायांनी हिंडायचीस आणि संध्याकाळी राखेत लोळलेल्या कोंबडीसारखी दिसायचीस.

पण त्याच्याही मागं जायला हवं. आमची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती. मध्ये रान. मी शाळेत जायच्या वयाची झाले, पण एकट्या पोरीला त्या वाटेनं कोण धाडणार? आमच्या पाड्यावर तेव्हा दुसरी शाळेची पोरगी नव्हती. आमच्या वडलांना, अप्पांना, तर पोरीला शिकवायचंच होतं. विहाराच्या ओट्यावर बसून शिकण्याच्या गोष्टी ऐकलेला माणूस तो. मग त्यांनी काय केलं, वच्छीला माझ्याबरोबर धाडलं. वच्छी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नाक पुसता येत नव्हतं तिला. मास्तर म्हणाले, "ही बसत नाय वयात." अप्पा म्हणाले, "बसवा. दोघी असल्या तर येतील, नायतर एक पण नाय येणार." मास्तर भला माणूस. त्यानं तिला माझ्याएवढी केली. दोघींची जन्मतारीख एक जून. तशी ती सगळ्या गावाचीच एक जून होती. कुणाला कधी झालं पोर, कुणी लिहून ठेवलंय? कुणी सांगायचं पुरात झाला, कुणी सांगायचं झोडणीच्या खळ्यावर झाला. मास्तर सगळ्यांना एक जूनला जन्माला घालायचा. म्हणजे कागदावर वच्छी आणि मी जुळ्या बहिणी!

गंमत बघ. ती माझ्या सोबतीला म्हणून आली आणि चौथीनंतर मीच सुटले. आई आजारी पडली, चूल माझ्याकडं आली. सोबतीला आलेली पुढं गेली. मग पाड्यावरच्या आणखी पोरी निघाल्या, त्यांच्यात ती जायची. मी तिच्या पुस्तकांवर चुलीपुढं वाचायला शिकले. ती धडा पाठ करायची आणि मी भात ढवळत मागून म्हणायचे. आज जे काही लिहिते ते त्या धड्यांच्या जोरावर. पण माझी दोन वर्षं जी तिच्या अंगावर चढली, ती काही उतरली नाहीत. तेव्हा कुणाला जड वाटली नाहीत म्हणा. पोरगी लवकर मोठी होते, याचं कुणाला वाईट वाटतं?

बारावी पास झाली तशी अप्पांनी तिला ठाण्याला नेऊन एम्प्लॉयमेंटात नाव घातलं. तुम्ही आता संगणकावर नाव घालता, तेव्हा रांगेत उभं राहून घालायचे. एक कार्ड मिळायचं. त्यावर नंबर. त्या नंबरची पाळी आली की हापिसातून कॉल निघणार, अमुक ठिकाणी जागा आहे, परीक्षेला या. मुदत संपायच्या आत जाऊन कार्डावर पुन्हा शिक्का मारून आणायचा, नाहीतर नाव गळलं. तुझ्या आईनं एकदा चुकवलं नाही. लग्न होऊन मुरबाडकडं गेली तरी चुकवलं नाही. पहिला कॉल आला तेव्हा ती शहापूरच्या सरकारी दवाखान्यात तुला घेऊन खाटेवर. दुसरा आला तेव्हा तुझे बाबा तापात होते, त्याच तापात ते गेले. तू रांगत होतीस. मग ती तुला घेऊन अप्पांकडं आली, आणि ते कार्ड आल्याबरोबर खुंटीला टांगलं, प्लास्टिकच्या पिशवीत, तुझ्या लशीच्या कार्डाबरोबर.

माझं सासर गावातच, त्यामुळं रोजचं येणंजाणं. रोज ती पिशवी बघायचे. वाऱ्यानं हलायची.

त्या वर्षी होळीनंतर कळलं की शहापूरला मार्गदर्शन शिबिर आहे. नोकरीला नाव घातलेल्या पोरापोरींना तयारी शिकवणार. अर्ज कसा करायचा, मुलाखतीत काय बोलायचं. वच्छी निघाली, तिच्याबरोबर मी, आणि अप्पा म्हणाले, "मी पण येतो." सदरा धुतलेला घातला, काठी घेतली. आम्हाला वाटलं दवाखान्यात जायचं असेल.

हॉल गच्च. पंखा होता, पण तो नुसता मान हलवायचा. शिकवायला एक मॅडम होत्या. सावळ्या, कपाळावर घाम, हातात फाईल, तिनंच वारा घेत होत्या. चांगल्या होत्या हो. एकेकाला पुढं बोलवायच्या आणि खोटी खोटी मुलाखत घ्यायच्या. कसाऱ्याकडची एक नवी लग्न झालेली पोरगी उठली. मॅडमनी विचारलं, "पूर्ण नाव सांगा, पतीच्या नावासकट." पोरगी लाजून गोरीमोरी. नवऱ्याचं नाव सरळ कसं घ्यायचं? सगळे बघतायत. मग तिनं पदर सावरला आणि ठेक्यात सुरू झाली:

"कसाऱ्याच्या घाटात इंजिनं लागतात दोन,
दत्तूरावांचं नाव घेते, विचारणारे तुम्ही कोण?"

हॉल असा हसला की बाहेरचा चहावाला डोकावला. मॅडमसुद्धा फाईल तोंडावर धरून हसल्या. मग म्हणाल्या, "मी कोण, ते साहेब सांगतील बाई. तिथं मात्र नाव सरळ घ्यायचं. लाजलात की जागा गेली." पोरगी म्हणाली, "घेईन, पण ते समोर नसले पाहिजेत."

मग वच्छीची पाळी. ताठ उभी राहिली. नाव, शिक्षण, सगळं नीट सांगितलं. मॅडमनी विचारलं, "अनुभव काय?" ही म्हणते, "काय नाय." मला राहवेना. मी मागून बोललेच, "काय नाय काय? शेत करते, राब भाजते, विहारात पोरांची शिकवणी घेते, माणसांचे अर्ज लिहून देते." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "खरं आहे ताई. पण इथं ते धरत नाहीत." रागानं नाही म्हणाल्या. दिवसभर तेच तेच सांगून आवाज बसला होता त्यांचा.

त्यांनी वच्छीचं कार्ड बघितलं, आणि मग थांबल्या. बाजूला बोलवलं. आपल्या लोकांना वयात सवलत असते, ती धरूनसुद्धा या एक जूनला वच्छी मर्यादेच्या पलीकडं जात होती. त्यानंतर हापिसातून तिचं नाव कुठंच पाठवता येणार नव्हतं. "तोवर एखादा कॉल निघतो का बघते," मॅडम म्हणाल्या. "टायपिंगची परीक्षा झाली आहे तुमची, ते बरं आहे. हात चालू ठेवा."

तेव्हा अप्पा पुढं झाले. मला अजून तो काठीचा आवाज ऐकू येतो.

"मॅडम, ही एवढी मोठी नाय. दोन वर्सं मी वाढवली हिची. शाळेत घालताना. हिची काय चूक नाय त्यात. माझ्यावर काय लिवायचं असंल ते लिवा, पण हिची दोन वर्सं परत करा."

मॅडम खुर्चीतून उठल्या. "बाबा, बसा आधी," म्हणाल्या. मग शाळेचा दाखला म्हणजे काय, तो बदलायला काय काय लागतं, हे सावकाश सांगितलं. जन्माची नोंद कुठं आहे का? नव्हती. घरीच झालेली. सुईण? ती केव्हाच गेली. मास्तर? तेही गेले. अप्पा प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मला पटतंय हो बाबा. पण मला पटून काय उपयोग?"

एसटीच्या वाटेवर अप्पा एकच वाक्य बोलले. "मला वाटलं, वाट निभावली म्हणजे झालं."

तिथून पुढं ते दिवस सुरू झाले, मनू. त्याला मी दमणूक म्हणते. काम केल्याची दमणूक वेगळी, ती झोपलं की जाते. वाट बघण्याची दमणूक झोपेतसुद्धा सोबत असते. पहाटे वारा पडला की राब लावायचा. दिवस वर आला की शेणाच्या पाट्या. दुपारी वच्छी पडवीत बसून टायपिंग करायची. मशीन कुठलं? शहापूरच्या क्लासला रोज जायची ऐपत नव्हती. तिनं बसायचा पाट उलटा केला आणि राबातल्या कोळशानं त्यावर सगळी बटणं काढली. बरोबर त्या ठिकाणी ते अक्षर. मग बोटं आपटत बसायची, टकटक टकटक. मधूनच जीभ चावायची, म्हणजे चुकलं. मी विचारायचे, "चुकलं ते तुला कसं कळतं गो? कागद नाय, काय नाय." म्हणायची, "बोटाला कळतं बाय."

आणि तू! आई जरा उठली की त्याच पाटावर जाऊन बसायचीस. उठलीस की चड्डीवर बाराखडी. तुला सगळे म्हणायचे, ही चालती शाळा. वच्छी हसायची, पुन्हा कोळसा घेऊन गेलेली अक्षरं भरायची. ती अक्षरं भरतानाची तिची मान मला दिसते अजून. तिनं तुला त्यावरून कधी मारलं नाही. एकदाच म्हणाली, "थांब गो राणी, एक जूनपर्यंत थांब. मग बस दिवसभर."

पोस्टमन बाळूभाऊ सायकलवरून यायचा. त्याला सगळ्या पाड्याचं दुःख माहीत. आधी आधी वच्छी बांधावर जाऊन उभी राहायची. मग त्यालाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं. लांबूनच ओरडायचा, "वच्छे, नको येऊस उन्हात! आज नाय!" मग तेही बंद केलं त्यानं. नुसता हात हलवायचा. एके दिवशी मी त्याला म्हटलं, "बाळूभाऊ, तूच लिहून आण की एखादा कॉल." म्हणाला, "लिवला असता वहिनी, पण माझं अक्षर ती वळखते. तिनंच तर शिकवलं माझ्या पोराला."

करवंदं पिकली. आंबे उतरले. वरचे राब भाजून झाले, खालची पट्टी राहिली. उन्हानं माती अशी तापायची की पाय ठेवला की जीव टाळूत यायचा. मी मनात मोजत होते, पण तिच्यापुढं तारखेचं नाव काढत नव्हते, आणि ती माझ्यापुढं काढत नव्हती. एकाच पट्टीत दोघी पातेरा पसरत होतो आणि मधे ती तारीख तिसऱ्या बाईसारखी वाकून काम करत होती.

कॉल आला तो वैशाखी पौर्णिमेच्या आधी. बाळूभाऊ त्या दिवशी ओरडला नाही. सायकल आडवी टाकून बांधावरून पळत आला. लिफाफा वच्छीच्या हातात दिला आणि म्हणाला, "फोड. मी हितंच उभा हाय." मुरबाडच्या एका हापिसात टंकलेखकाची जागा. परीक्षा पौर्णिमा झाल्यावर लगेच. तुझ्या आईनं कागद वाचला, घडी घातली, परत उघडला, परत वाचला. मग मला म्हणाली, "बाय, माझे हात बघ कसे झालेत." नखांत काजळी, बोटांना भेगा. मी त्या रात्रीपासून खोबरेल चोळायला घेतलं.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली. खीर वाटली. जाताना जो तो तिच्या पाठीवरून हात फिरवून गेला. अप्पा मात्र कोपऱ्यात बसून राहिले. खीर घेतली नाही.

परीक्षेच्या दिवशी तिनं पहाटे शिकेकाईनं दोनदा डोकं धुतलं. माझी निळी साडी नेसली. तरी मुरबाडच्या गाडीत बसल्यावर पदर नाकाला लावून म्हणते, "बाय, धुराचा वास येतोय गो माझ्या अंगाला." येतच होता. राबाचा धूर एकदा केसांत शिरला की पावसाशिवाय निघत नाही. साहेब काय म्हणतील, या काळजीनं ती इतकी मिटून बसली की मला वाटलं, आता ही टाईप काय करणार. हापिसाच्या आवारात झाडाखाली बाकीच्या पोरी उभ्या होत्या. त्यातली एक डोळखांबकडची, जरा फटकळ. वच्छी जवळ जाऊन उभी राहिली तशी तिनं हुंगलं आणि मोठ्यानं म्हणाली, "झाला का ताई तुमचा राब भाजून? आमची अर्धी पट्टी बाकी हाय!" मग दुसरी म्हणाली, "माझ्या तर लुगड्याला भोक पडलं ठिणगीनं, हे बघा." सगळ्या हसायला लागल्या. अर्धं झाड धुराच्या वासाचं होतं. तुझ्या आईनं पदर नाकावरून काढला.

परीक्षा चांगली झाली. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा. "हात चालला बाय. मशीनची बटणं कडक होती, पण चालला." येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. किती दिवसांनी मी तिला अशी झोपलेली बघत होते. तोंड किंचित उघडं, लहानपणी ओढ्याच्या वाटेवर मी पाठुंगळी घ्यायचे तेव्हासारखी.

मे संपता संपता हापिसाच्या फळ्यावर नावं लागली. आम्ही दोघीच गेलो. निवड झालेलं एकच नाव, खाली राखीव म्हणून आणखी एक. दोन्ही तिची नव्हती. तिनं फळा दोनदा वाचला, बाजूची जुनी नोटीससुद्धा वाचली, जणू तिथं असेल. मग म्हणाली, "चल, गाडी चुकेल." स्टँडवर चहा घेतला. माश्या घोंगावत होत्या. तिनं बशीतला चहा फुंकून फुंकून गार केला आणि प्यायलाच विसरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेवटची पट्टी भाजली.

आणि एक जून उजाडला. वाढदिवस म्हण हवं तर. माझा, तिचा, पाड्यावरच्या निम्म्या माणसांचा. मी भीत भीत अप्पांच्या घरी गेले. वच्छी पडवीत केर काढत होती. मला बघून केरसुणी टेकवून उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, आणि म्हणाली, "ये बाय, ये. आजपासून मी सरकारला म्हातारी झाली." आणि हसली. मलाही हसू आलं. अशा हसलो दोघी की पोट धरून खाली बसलो. मग कुणाचं हसू आधी थांबलं ते सांगता येत नाही. तू मधे येऊन विचारत होतीस, "काय झालं? काय झालं?" आणि तुझ्या आईनं तो पाट आणून तुझ्यापुढं ठेवला. "बस राणी. आता बस दिवसभर."

अप्पा आतून सगळं ऐकत होते.

त्या शिबिरातल्या मॅडमनी मात्र पाठ सोडली नाही बरं का. पावसाच्या तोंडावर त्यांचा निरोप आला, की मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला बायका हव्यात, तिथं वयाचं एवढं बघत नाहीत, जाऊन भेटा. सरकारी नाही, पक्की नाही, पण आहे. तुझी आई गेली. बाकी तुला माहीतच आहे. दिवसभर उभ्यानं काम. पहाटेची गाडी, संध्याकाळची गाडी, तू शाळेतून आमच्याकडं. कारखाना बंद झाला तोवर उभीच राहिली. आता पाय बघतेस ना तिचे, घोट्यापाशी कसे फुगतात? टाईप करणारी बोटं खोक्यांना पट्ट्या चिकटवून गेली. कधीकधी टीव्ही बघता बघता मांडीवर बोटं हलतात तिची. तिला कळत नाही. मला दिसतं.

आता ऐक, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते.

त्याच जूनमध्ये शाळा उघडली. तोवर शाळा पाड्यावर आली होती, पलीकडं जायला नको. तुझ्या बरोबरीच्या पोरी पाटी घेऊन निघाल्या, तशी तूही नाचायला लागलीस. वच्छी मॅडमना भेटायला गेलेली. अप्पा म्हणाले, "मी नेतो हिला." मी बरोबर गेले. गुरुजी नवीन, तरुण, हसतमुख. त्यांनी दवाखान्याचा दाखला बघितला आणि म्हणाले, "बाबा, ही पाच पुरी. सहा लागतात. बाकीच्यांचं कसं, दाखला नसतो म्हणून एक जून धरून बसवून टाकतो. हिचंही तसंच करू का? वर्ष वाया जायला नको. मैत्रिणींबरोबर जाईल."

अप्पा उभे होते. काठी टेकलेली. तू त्यांच्या धोतराला धरून उड्या मारत होतीस.

"नको गुरुजी," अप्पा म्हणाले. "जी तारीख हाय तीच लिवा. पुढल्या सालाला आणतो."

"अहो, पण एक वर्ष..."

"थांबंल ती. घरात बसंल. पण तिची वर्सं तिच्यापाशीच राहू द्या."

तू रडलीस म्हणजे काय रडलीस! रस्त्यावर लोळलीस. अप्पांना म्हणालीस, "तुमी वाईट." पाडाभर ऐकू गेलं. अप्पांनी तुला उचलून खांद्यावर घेतलं. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. तू त्यांच्या पाठीत बुक्क्या मारत होतीस आणि ते चालत होते. घरी आल्यावर मी बघितलं, त्यांचा चेहरा त्या शिबिरानंतर पहिल्यांदा जरा सैल झाला होता. ताटात वाढलेला भात पुरा जेवले.

ते वर्ष तू अप्पांबरोबर काढलंस. बांधावर, ओढ्यावर. त्यांनी तुला राब लावताना वारा कसा बघायचा ते शिकवलं. मूठभर राख वर उडवायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. आठवतं का? की तेही फुकट गेलेल्या वर्षात धरलंस?

मी तुला रागावत नाही आता. दमायला होतं, मला माहीत आहे. परवाच्या मेळाव्यात म्हणे उन्हात उभं राहून शेवटी नुसती फाईल घेतली आणि 'कळवतो' म्हणाले. कळवतो हा शब्द आम्हीसुद्धा ओळखतो, बाळूभाऊच्या सायकलीवरून यायचा तो. तुला नोकरी कधी लागेल ते मी सांगू शकत नाही. खोटा धीर द्यायला मी काही ज्योतिषी नाही. पण कुणी जन्मतारीख विचारली की तुला आवंढा गिळावा लागत नाही. मर्यादा यायची तेव्हा येऊ दे, ती तुझ्या स्वतःच्या वयावर येईल.

आईला फोन कर. माफी वगैरे मागू नकोस, ती रडेल. नुसतं विचार, पाय कसे आहेत.

आणि ऐक, आपल्या सगळ्या घराण्यात एक जून सोडून वाढदिवस असलेली तू एकटी. तो या महिन्यात आहे हे मला ठाऊक आहे. आज राब लावला तो अर्ध्याच पट्टीला. उरलेली अर्धी मी मुद्दाम ठेवली आहे. अप्पा नाहीत आता, आणि वाऱ्याचा अंदाज मला कधीच नीट आला नाही. मागच्या साली गवताची उडवी थोडक्यात वाचली. तेव्हा ये गो बाई. सकाळची गाडी धर, आसनगावला उतर, शेणव्याची जीप बाहेरच उभी असते. जुना कपडा आण अंगावर घालायला, चांगल्याला धूर लागेल. लवकर ये, वारा पडायला लागलाय.